सतराशेची गन आणि सहाशेचा नट

खंडेनवमीच्या आधीचा आठवडा माझ्या पुतण्याच्या गॅरेजमध्ये फार धावपळीचा असतो. गॅरेज कराडच्या पुढे, पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागून आहे. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, म्हणून उसाचे ट्रक त्याआधी तयार करून घ्यायचे असतात. चाके उतरवायची, ब्रेक लायनर बघायचे, हबमध्ये ग्रीस भरायचे, डिस्कांना झकास रंग मारायचा आणि चाके पुन्हा चढवायची. खंडेनवमीला गाडीला हार घालून नारळ फोडला की गाडी उसाला मोकळी.

तीन वर्षांपूर्वी अशाच सजवलेल्या एका दहाचाकी ट्रकची मागची डावी जोडचाके चौथ्या दिवशी भरल्या गाडीतून निखळली. बाहेरचे चाक रस्ता ओलांडून एका चहाच्या टपरीच्या खांबावर आदळले. सकाळचे साडेपाच वाजले होते आणि टपरी अजून उघडली नव्हती, एवढेच नशीब. तासाभराने तिथे बाकड्यावर आठ-दहा माणसे बसलेली असतात.

पुतण्या त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, "काका, नवी गन घेतलीया. सतराशेची हाय. दहाच्या दहा नट त्या गननंच आवळल्यात, माझ्या हातानं. नट ढिला ऱ्हाईल कसा?"

त्याच्या या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, ते या लेखात मांडतो आहे. मी अभियंता नाही. आयटीआयचा फिटर ट्रेड अर्धवट सोडून मी वडिलांच्या गॅरेजात लागलो, पुढे एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये हत्यारे देण्याघेण्याचे काम केले, आणि ती हत्यारे अशीच का असतात, या कुतूहलापायी पुस्तके, पुस्तिका, कॅटलॉग वाचत गेलो. जे वाचले ते नट-बोल्टवर ताडून पाहिले. माझे संशोधन म्हणायचे तर एवढेच.

नट काय करतो?

आपण समजतो, नटाने चाक अडकवून धरलेले असते. प्रत्यक्षात नट स्टडला ताणतो. आवळलेला स्टड म्हणजे ताणलेली स्प्रिंग असते. ती आखडू पाहते आणि त्या ओढीने चाकाची डिस्क हबवर दाबून बसते. त्या दाबामुळे जे घर्षण निर्माण होते, ते चाकाला जागेवर ठेवते. दाब गेला तर नट जागेवर असूनही चाक सरकू लागते.

आवळण्याचा जोर न्यूटन मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला एक किलो वजन टांगले, तर नटावर साधारण दहा न्यूटन मीटरचा पीळ पडतो. आपल्याकडच्या मोठ्या ट्रकना बहुधा २२ मिलिमीटर जाडीचे स्टड असतात आणि त्यांचा पीळ साधारणपणे ५५० ते ६५० न्यूटन मीटरच्या घरात असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. आपण हिशेबाला ६०० धरू.

या ६०० पिळातला जेमतेम दहावा हिस्सा स्टड ताणायला लागतो. बाकीचा नटाच्या बुडाशी आणि आट्यांमध्ये घासण्यात जातो. तरीही कोरड्या, स्वच्छ आट्यांवर एका स्टडमध्ये सुमारे १३ ते १४ टनांची ओढ तयार होते. दहा स्टड मिळून पावणेदोनशेच्या खाली, पण सव्वाशेच्या बरेच वर, असा दाब त्या डिस्कवर टनांमध्ये असतो. त्याच आट्यांना तेल लागले आणि पीळ तेवढाच दिला, तर घर्षण कमी होऊन ओढ १८ टनांपर्यंत जाऊ शकते. पीळ तोच आणि परिणाम वेगळा. म्हणून आट्या कोरड्या ठेवायच्या की तेलाचा थेंब द्यायचा, हेसुद्धा पुस्तिका सांगेल तसेच करावे.

आता खरी गोम. एवढ्या ओढीने स्टड किती लांबतो? डिस्कांची जाडी मिळून ५० मिलिमीटर धरली, तर हिशेबाने उत्तर येते फक्त एक दशांश मिलिमीटर. जेमतेम केसाएवढे! चौदा टनांची सगळी पुंजी त्या केसभर लांबीत साठवलेली असते.

जोडचाकांमध्ये नटाखाली, दोन डिस्कांच्या मध्ये, आणि आतली डिस्क व हब यांच्या मध्ये असे तीन सांधे असतात. म्हणजे सहा पृष्ठभाग. प्रत्येकावर खंडेनवमीच्या रंगाचा एक-एक थर बसला, तर सगळे मिळून तेवढीच, किंवा जास्तच जाडी होते. नट आवळताना तो रंग घट्ट वाटतो. गाडी भरून धावू लागली, ब्रेकचा ताव डिस्कपर्यंत पोचला, की रंग मऊ होऊन दबतो, बाजूला सरकतो. केसभर रंग गेला की केसभर ताण गेला. नट एक आटासुद्धा फिरलेला नसतो, आणि चाक मात्र मोकळे झालेले असते.

पुढचे काम गाडीची आडवी थरथर करते. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिले, की दाब कमी झालेला सांधा आडवा सरकू लागला की नट आपोआप उलटा फिरू लागतो. एक नट सुटला की त्याचा भार शेजारच्यांवर येतो. ते स्टड प्रत्येक फेऱ्याला वाकत-सरळ होत थकतात आणि तुटतात. ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते. तिथे निखळलेल्या चाकांचा अभ्यास झाला, तेव्हाही डाव्या बाजूची मागची चाके जास्त आढळली. आमचेही तेच होते.

त्या ट्रकचे तुटलेले सहा स्टड मी घरी आणून रॉकेलने धुतले. तुटलेल्या तोंडावर वाळूत लाटेने उमटाव्यात तशा बारीक वळ्या होत्या. एका झटक्यात तुटलेल्या स्टडवर अशा वळ्या नसतात, हळूहळू थकून तुटलेल्यावर असतात. आणि दोन डिस्कांच्या मध्ये निळ्या रंगाचा जाड थर होता, ठिकठिकाणी घासून आरशासारखा चकचकीत झालेला.

गन काय करते?

मग सतराशेच्या गनने काय केले? गनची मोटर नटाला सरळ पिळत नाही. ती आत एक जड हातोडा फिरवते. नट अडला की हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, सुटतो आणि पुढे येऊन सॉकेटच्या दांड्यावर टोला मारतो. असे टोले मिनिटाला दोन हजारांच्या आसपास पडतात. खिळा ढकलून लाकडात जात नाही, ठोकला की जातो, तेच तत्त्व. म्हणून चार किलोचे यंत्र हातात धरून, मनगट न मुरगळता, एरवी दोन माणसांनी पाइपवर लोंबकळून सुटणारा नट सुटतो. गंज फोडायलाही टोलाच उपयोगी. खोलण्यासाठी या यंत्राला तोड नाही.

पण कॅटलॉगमध्ये बहुधा दोन आकडे असतात आणि दुकानदार मोठा तेवढा सांगतो. बॉशच्या १८ व्होल्टच्या एका पाऊण इंची गनचे उदाहरण घ्या. तिचा आवळण्याचा कमाल पीळ १०५० आणि खोलण्याचा १७०० न्यूटन मीटर दिलेला आहे. सतराशे हा खोलण्याचा आकडा. तोही ठरावीक बोल्टवर, भरलेल्या बॅटरीवर, ठरावीक वेळ ट्रिगर दाबून मिळालेला. आपल्या नटावर किती मिळेल, हे बॅटरी किती उरली, सॉकेट किती लांब, आट्या कोरड्या की तेलकट, आणि ट्रिगर दोन सेकंद दाबला की पाच, यावर ठरते. म्हणजे एकाच चाकाचे दहा नट एकाच गनने आवळले, तरी एखादा साडेतीनशेवर आणि एखादा हजाराच्या जवळ असू शकतो. ऐकायला सगळ्यांचा आवाज सारखाच, ट्टर्रर्र. मिस्त्रीला वाटते, दणकून बसला.

पुतण्याला मी हेच समजावले. गन कमी ताकदीची नव्हती. मात्र तिच्या ताकदीला माप नव्हते, आणि ज्या सांध्यावर ती वापरली तो रंगाने भरलेला होता. गन निवडताना आपण नट खोलण्याचा विचार करतो, पण माणसाचा जीव नट आवळण्यावर असतो.

मग गन कशी निवडावी?

पहिला प्रश्न गन हवीच का, हा. जिथे दिवसभर टायरचेच काम चालते, मोठा कॉम्प्रेसर आहे आणि वीज भरवशाची आहे, तिथे एक इंची एअर गन अजूनही उत्तम. ती तापत नाही, दणकट असते, बॅटरीचा खर्च नाही. बॅटरीची गन खरी उपयोगी पडते ती रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीपाशी, उसाच्या फडात, खाणीत, जिथे कॉम्प्रेसर नेणे म्हणजे गाढवाचे ओझे. आणि वर्षातून चार-सहा वेळाच चाक खोलायचे असेल, तर बाजारात मिळणारा हाताने फिरवायचा गिअरचा पाना पुरतो. त्यातल्या काहींवर १:५८ असे प्रमाण असते. म्हणजे हँडलचे ५८ फेरे केले की नटाचा एक. वेळ लागतो, पण ना बॅटरी ना वीज.

दुसरी गोष्ट चौकोनी दांड्याची, म्हणजे अर्धा, पाऊण की एक इंच याची. दांड्याची पीळ सोसण्याची ताकद जाडीच्या घनाने वाढते. अर्ध्या इंचाच्या मानाने पाऊण इंच सुमारे साडेतीन पट आणि एक इंच आठ पट. हल्ली अर्ध्या इंची गनवरही मोठे आकडे असतात, पण रोज ट्रकचे नट खोलून तो दांडा आणि सॉकेट टिकवणे अवघड. छोटा टेम्पो, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्टच्या कामाला अर्धा इंच. ट्रक-बसच्या चाकांना आणि पाट्यांच्या यू-बोल्टना पाऊण इंच. खाणीतले डंपर आणि वर्षानुवर्षे न खोललेले गंजके नट असतील तर एक इंच. एक इंची बॅटरी गन लांब दांड्याची मिळते आणि मागच्या खोल डिस्कमध्ये नीट पोचते, पण तिचे वजन आठ किलोंच्या पुढे जाते. पाऊण इंची गन घेतलीत तर खोल सॉकेट घ्या, मध्ये एक्स्टेन्शन जोडू नका. प्रत्येक जोड टोल्यातला थोडा जोर खातो.

तिसरी गोष्ट बॅटरी. सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. लिथियम-आयन सेल सरासरी ३.६ व्होल्टचा आणि पूर्ण भरल्यावर ४.२ चा. पाच सेल ओळीने जोडले की १८ व्होल्ट, आणि पूर्ण भरल्यावर २१. म्हणजे १८, २० आणि २१ असे लिहिलेल्या गन बहुधा एकाच जातीच्या. स्वस्त गनवर ८८ व्हीएफ, ३८८ व्हीएफ असे आकडे छापलेले दिसतात. तो व्होल्ट नव्हे. उघडून पाहिले तर आत पाचच सेल ओळीने असतात. आकडा मोठा दिसावा एवढाच त्या अक्षरांचा उपयोग.

बघायचे ते अँपिअर-तास. १८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॉट-तास, एवढी त्या डब्यातली शिदोरी. मोठ्या बॅटरीने नट जास्त निघतात, शिवाय टोलाही जोरात बसतो, कारण समांतर जोडलेले सेल जास्त असले की एकदम जास्त करंट मिळतो. दोन अँपिअर-तासाची बॅटरी लावून मोठी गन चालवणे म्हणजे बारीक नळीने पंप चालवणे. ट्रकच्या कामाला निदान पाचची, जमल्यास आठची, आणि तीही एक नव्हे, दोन. गनच्या किमतीत बॅटरी आणि चार्जर धरले आहेत की नाहीत, हे बिल करण्याआधी विचारा. पुष्कळदा नुसती गन असते.

उन्हाचेही ध्यान ठेवा. ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करू नये असे बहुतेक कंपन्या सांगतात. विदर्भात मे महिन्यात सावलीतच पारा तिथे पोचतो, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद केबिनमध्ये तर विचारूच नका. बॅटरी सकाळी लवकर किंवा रात्री चार्ज करावी, आणि कामातून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जरवर चढवू नये.

चौथी गोष्ट सॉकेट. ट्रकच्या नटाला ३२ किंवा ३३ मिलिमीटरचे सॉकेट लागते. दोन्ही सारखेच दिसतात, पण ३२ च्या नटावर ३३ चे सॉकेट लावून टोले मारले की नटाचे कोपरे गोल होतात. गनला काळे इम्पॅक्ट सॉकेटच हवे. चकचकीत क्रोमचे सॉकेट हाताच्या पान्यासाठी असते. टोल्याखाली ते फुटून त्याचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. सॉकेट अडकवणारी पिन आणि रबराची रिंग हरवली की आपल्याकडे तार गुंडाळतात. ती तार सुटून फिरू लागली की बोटे कापते. रिंग चार पैशांची असते, ती घ्या.

पाचवी गोष्ट हात. पंचविशीतल्या मिस्त्रीला हे पटत नाही, म्हणून आकड्यात सांगतो. मोठ्या गनची कंपने कॅटलॉगमध्ये १५ ते २० मीटर प्रति सेकंद वर्ग अशी दिलेली असतात. युरोपच्या २००२ सालच्या नियमाप्रमाणे आठ तासांच्या दिवसाची कमाल मर्यादा ५ आहे, आणि २.५ झाले की मालकाने उपाय सुरू करायचे. १८ ची गन धरून हिशेब केला, तर ती मर्यादा सुमारे ३७ मिनिटांत गाठली जाते आणि उपायांची पातळी नऊ-दहा मिनिटांतच. ही मिनिटे ट्रिगर दाबलेल्या वेळाची. एका नटाला पाच सेकंद धरले तर चाकांच्या कामात ती सहज सांभाळता येतात, पण दिवसभर तेच काम असेल तर माणसे आळीपाळीने लावावीत. वर्षानुवर्षे ही कंपने घेतलेल्या माणसाची बोटे थंडीत पांढरी पडतात, बधिर होतात, शर्टाची गुंडी लावणे जड जाते. आमच्या वडिलांच्या वस्तादांची बोटे तशी झाली होती. आम्ही त्याला वय म्हणत होतो. कानाला बोंडे हवीतच, कारण गनचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो.

आणि एक जुनी गाठ. पुष्कळ जुन्या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्या असतात. स्टडच्या टोकावर बहुधा एल किंवा आर असे अक्षर ठोकलेले असते. ते न बघता गन लावली, तर खोलतो आहोत असे समजून आपण नट जास्तच आवळतो, आणि हजाराच्या वरचा पीळ स्टडला कायमचा ताणून ठेवतो. असा स्टड परत वापरू नये.

गन घेतल्यावर काय घ्यावे?

माझे सांगणे एवढेच, की गनच्या पैशांतून थोडे बाजूला काढून टॉर्क पाना घ्या. पाऊण इंची, हजार न्यूटन मीटरपर्यंतचा. त्यासाठी एखादी पायरी लहान गन घ्यावी लागली तरी चालेल. टॉर्क पान्याला पैलवान लागत नाही. १.२ मीटर लांबीच्या पान्यावर ६०० न्यूटन मीटरसाठी टोकाला साधारण ५० किलोंचा जोर पुरतो. उलट त्याच लांबीच्या पाइपवर सत्तर किलोंचा माणूस नुसता उभा राहिला, तरी ८०० च्या वर पीळ जातो, आणि तो उड्या मारू लागला तर किती, त्याचा हिशेबच नाही.

आता पुतण्याच्या गॅरेजात रीत अशी आहे. डिस्क जिथे बसते तो भाग आणि नटाखालची जागा तारेच्या ब्रशने लोखंडापर्यंत साफ करायची. रंग मारताना तेवढ्या भागावर कागद चिकटवायचा. नट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवायचा, कारण वाकडा लागलेला नट गनला कळत नाही, हाताला कळतो. मग गन कमी वेगावर ठेवून नट फक्त टेकवायचे, एकासमोर एक अशा क्रमाने. शेवटचा पीळ टॉर्क पान्याने, त्याच क्रमाने, क्लिक होईपर्यंत. नटावरून डिस्कवर जाईल अशी पिवळी रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. पण नुसत्या रेघेवर भरवसा नाही, कारण नट न फिरताही ताण जातो हे आपण वर पाहिलेच. म्हणून ५० ते ८० किलोमीटर चालल्यावर गाडी परत आणून पुन्हा पान्याने तपासायची.

यातले शेवटचे काम सर्वांत अवघड. त्याला हत्यार लागत नाही, लागतो तो ड्रायव्हरचा वेळ. कारखान्यावर नंबर लागलेला असतो, मालकाचे फोन चालू असतात, आणि "झालं की आवळून, परत कशाला?" हे वाक्य ठरलेले. पुतण्याने त्यावर तोडगा काढला. परत येऊन नट तपासून घेतल्याशिवाय तो मजुरीतले शेवटचे दोनशे रुपये घेत नाही. लोक पैसे द्यायला टाळतात, पण उधारी डोक्यावर ठेवून हंगाम सुरू करायला बिचकतात, असा त्याचा होरा.

यंदा खंडेनवमीला त्याने सात ट्रक बाहेर काढले. पाच परत आले. त्यांतल्या दोघांचे काही नट पान्याखाली हलले, एकाचा तर चांगला पाव फेरा. त्या ड्रायव्हरने ते वाकून पाहिले, काही बोलला नाही, दोनशेची नोट दिली आणि जाताना पाना कुठे मिळतो ते विचारून गेला. उरलेल्या दोघांना पुतण्या अजून फोन करतो आहे.